बावीवरचा दिवा

"रिपोर्ट क्लीन आहे. सही करा आणि विषय संपवा," प्रधान सर म्हणाले.

मी सही केली नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ठाण्यातल्या एका कन्सल्टन्सीत मी जिऑलॉजिस्ट होते आणि प्रधान सर तिचे मालक. बाळकुमचा एक बंद पडलेला पेट्रोल पंप शिरीषशेठ नावाच्या बिल्डरने घेतला होता. अशा जागी बिल्डिंग बांधायची तर जमिनीखालच्या लोखंडी टाक्या आधी काढायच्या असतात. निदान पूर्ण उपसून वाळूने भरायच्या असतात. नाहीतर त्या गंजतात, गळतात आणि पेट्रोल मातीतून भूजलात उतरतं. शेठ म्हणायचे, वाळू भरलीय. कोणी भरली, हे मात्र त्यांना कधीच आठवायचं नाही.

पंपामागे, खाडीकडच्या उतारावर, हिरामावशींच्या कोळी कुटुंबाची विहीर होती. ते तिला बाव म्हणत. नळाला पाणी यायचं ते लहर आली तर, त्यामुळे सगळं घर बावीवर.

"मॅडम, भाताला पन पेट्रोलचा वास येतंय," मावशी मला म्हणाल्या होत्या. "नातू जालाय. सुनेनं बाव पुजल्याबिगर ती पान्याला जाईल कशी?"

त्यांच्या घरची रीत होती. बाळंतिणीने बाव पुजायची, द्रोणात दिवा ठेवून तो पाण्यावर सोडायचा आणि मगच पहिली कळशी भरायची. वासामुळे पूजा अडली होती.

आता बावीच्या पाण्याचा, शेठने मागवलेला सरांचा क्लीन रिपोर्ट. सरांनी विहिरीतली मोटर लावली आणि पाइपाखाली बाटली धरली. मोटर तळाचं पाणी ओढते. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. हे शाळेतल्या पोरालाही कळतं, पण सरांची डिग्री परदेशातली होती. मी दोरीला बाटली बांधली आणि अलगद वरचं पाणी घेतलं. बाटलीत बोटभर पिवळा थर आला. ती बाटली मी सरांच्या टेबलावर ठेवली.

"रिक्षावाले तिथे गाड्या धूत असतील," सर म्हणाले.

"विहिरीत उतरून?"

सरांनी चहा मागवला. माझ्यासाठी नाही. रिपोर्टवर मग त्यांनी स्वतःच सही केली.

दोन-चार दिवसांनी कळलं की शिरीषशेठने पूजेचा सगळा खर्च उचललाय. एकदा पूजा झाली की गावाची तोंडं बंद, हा हिशोब. बाटली पाहूनसुद्धा सरांनी या अकलेला मान डोलावली होती. खोल विहिरीत पेट्रोलची वाफ साठते आणि तिला एक ठिणगी पुरते. मी रिक्षा पकडून बाळकुम गाठलं.

बावीवर मांडव, खुर्च्या, पेढे. काठावर द्रोण घेतलेली कोवळी सून. मावशींच्या हातात काडेपेटी. शेठ आणि सर पार मागे, गाडीला टेकून उभे होते.

मी धावत जाऊन काडेपेटी हिसकावली. "मावशी, सुनेला मागे घ्या! भडका उडेल!"

"मॅडम, पब्लिकला का घाबरवता?" शेठ ओरडले. "पाणी एकदम चांगलं आहे. सरांचा रिपोर्ट आहे ना!"

माझं डोकं फिरलं. काडेपेटी मुठीत घट्ट धरून मी म्हटलं, "मग मान तुमचा. या, दिवा तुम्हीच सोडा. सर, तुम्ही शेजारी उभे राहा."

काडेपेटी मी कोणालाच देणार नव्हते, पण ते त्या दोघांना कुठे माहीत होतं? शेठना एकाएकी घरची पूजा आठवली. सरांनी गाडीचं दार उघडलं.

"पानी चांगला हाय ना रं शेठ?" मावशींनी सगळ्या गावादेखत विचारलं. "मंग मागं कशाला सरतंस?"

गावकऱ्यांनी गाडीपुढे खुर्च्या आडव्या टाकल्या आणि टाक्या उघडायचं कबूल करून घेतल्यावरच ती सोडली. टाक्या निघाल्या तेव्हा आत वाळूचा कण नव्हता. तळाला पेट्रोल होतं आणि पत्र्याला भोकं. शेठला मावशींच्या दारात रोज पाणी येईल असा नळ आणून द्यावा लागला. सुनेने त्या नळाला हळदकुंकू वाहिलं आणि कळशी भरली. बाव मात्र गेली. तिच्यावर झाकण बसलं, ते मी ठाण्यात असेपर्यंत निघालं नाही.

मी ती नोकरी सोडली. सर पुढे याच विषयावर लेक्चरं देत फिरले. आजही कोणी मला क्लीन रिपोर्ट दाखवला की मी त्यावरची सही बघत नाही. सही करणाऱ्याला विहिरीच्या काठावर बोलावते.