नकाशातला जांभळा रंग

निवडणुकीचा निकाल लागला की लोक फटाके वाजवतात, नाहीतर तोंड लपवतात. मी पेन्सिलींना टोक काढत बसते. मी हायस्कुलात भूगोल शिकवते. डिचोलीहून लग्न होऊन पेडण्यात आले तेव्हा माझ्या नवऱ्याला माझ्या पगारापेक्षा माझ्या नकाशे काढण्याचं कौतुक जास्त वाटलं. तो एका लहानशा स्थानिक पक्षाचा कार्यकर्ता. त्या पक्षाकडे झेंडा होता, घोषणा होत्या, आपसातली भांडणंही भरपूर होती. फक्त आपली मतं नेमकी कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि अजून सुटलेलं नाही.

बूथनिहाय आकडे मिळतात, पण बूथ म्हणजे शाळेतली एक खोली. तिथे मत देणारे कुठल्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या कुठल्या वस्तीत राहतात, हे मतदारयादीतली आडनावं आणि घरक्रमांक बघून जुळवावं लागतं. मग ट्रेसिंग पेपरवर एकेक वाडा रंगवायचा. मोठ्या पक्षांना मी राखी आणि तपकिरी रंग देते, आमच्या पक्षाला जांभळा. पक्षपात आहे, कबूल. तयार नकाशा आमच्या भुसारी दुकानात कांद्यांच्या पोत्यांवरच्या भिंतीवर लागतो. साखर जोखून होईपर्यंत गिऱ्हाईक त्यावर आपला वाडा शोधतं आणि शेजारच्या वाड्याला नावं ठेवतं.

पहिल्या नकाशात जांभळा रंग तेरेखोल नदीच्या काठापासून वर डोंगरमाथ्यावरच्या सड्यापर्यंत सलग होता. पुढच्या प्रत्येक खेपेला तो उतरत गेला, पंचमीला नेसलेलं लुगडं दर धुण्याला विटावं तसा. माणसं आमच्याकडे सकाळी पेज जेवायची आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या गाडीत दिसायची. मी एकदा म्हटलं, की आमचा पक्ष म्हणजे बसचा थांबा आहे, मोठी गाडी येईपर्यंत उभं राहायची जागा. दुकानातले सगळे हसले. नवरा हसला नाही. त्याला ना नोकरी हवी होती ना कंत्राट. सड्यावरची जमीन गावाकडे राहावी, एवढंच तो मागत आला, आणि ते मागणारा पक्ष एवढा एकच होता. या माणसाला दुसरं काही येत नाही, पक्ष बुडाला तर हाही बुडेल, ही धास्ती मला लग्नापासून आहे.

मागच्या खेपेला जिल्हा पंचायतीसाठी आमच्याच वाड्यावरचा एक जण उभा राहिला. लग्नकार्यात पंगत वाढायला सर्वांत पुढे असणारा, गोड बोलणारा. पण लोक पोळलेले होते. हाही जाणार नाही कशावरून, असं तोंडावर विचारायचे. तेव्हा नवऱ्यानं ठरवलं की ग्रामदेवतेकडे गाऱ्हाणं घालायचं. उमेदवारानं देवासमोर शब्द द्यायचा. नवऱ्याचा स्वभाव असा, की एकट्यालाच बांधून घेणं त्याला न्यायाचं वाटेना. त्यानं शब्द द्यायचा तर वाड्यानंही द्यायला हवा, एका हातानं टाळी वाजत नाही. गाऱ्हाणं घालायला तोच पुढे झाला. मला अडचण होती म्हणून मी घरी होते, पण कर्ण्यावरून सगळं ऐकू येत होतं.

"बा देवा म्हाराजा, हो आमचो माणूस आमका सोडून दुसऱ्याच्या दारात जावचो नाय, असो तुज्यासमोर शबूद देता!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी आमी वाड्यावरचे समस्त, जिवात जीव आसा तवसर ह्या माणसाक सोडचव नाय!"

"व्हय म्हाराजा!"

सगळा वाडा ओरडला. चुलीपुढे बसून मला वाटलं, काय छान आवाज लागलाय याचा.

तो निवडून आला. आमचा वाडा आणि शेजारचे दोन वाडे जांभळे झाले. नवऱ्यानं तो नकाशा स्वतः खिळे ठोकून लावला. मग कपड्यांवरचे गुलालाचे डाग निघायच्या आत आमचा माणूस मोठ्या पक्षात गेला. विकासासाठी. कारण नेहमी तेच असतं. दुकानात एका गिऱ्हाइकानं मोबाईल पुढे केला, त्यात तो हार घालून हसत होता. नवऱ्यानं बघितलं आणि हातातली तूरडाळ नीट जोखून पुडी बांधून दिली. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढचे महिने फार वाईट गेले. "काय रे, तुजो देव निजलो काय?" असं लोक दुकानात येऊन विचारायचे, वर हसायचे. देवळावरून जायचं टाळून तो शेताच्या बांधावरून लांबचा फेरा घ्यायचा. जत्रेला आला नाही. चवथीला आरतीत उभा राहिला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. विहिरीवर गेला आणि परतायला उशीर झाला, की मी हातातलं टाकून मागच्या दारात जाऊन उभी राहायची. कशाची भीती वाटते हे मी स्वतःलाही सांगत नव्हते. वर चिडायची. शपथ त्यानं मोडली, पाप त्याच्या माथी, तुम्ही कशाला सुतक धरून बसलात?

यंदा पुन्हा निवडणूक आली. तोच माणूस मोठ्या पक्षाच्या निशाणीवर उभा. आमच्या पक्षाला उमेदवारच मिळेना. शेवटी पलीकडच्या गावातल्या एका निवृत्त बसचालकाला हाता-पाया पडून उभा केला. नवरा दाढी करून बाहेर पडला, ते बघूनच मला रडू आलं. घरोघर गेला. पत्रक हातात द्यायचा, पण मत द्या असं म्हणायचा नाही. मला वाटलं, थकलाय. मतदानाच्या दिवशी आमच्या पक्षाचा एजंट म्हणून उंडो-पाव आणि चहा यांवर दिवसभर बूथवर बसून राहिला.

आकडे आले तेव्हा मी शाळेतून नुकतीच आले होते. सवयीनं आधी आमचा बूथ बघितला. आमच्या पक्षापुढे एक होता. मागे-पुढे काही सुटलंय का म्हणून मी परत बघितलं. एकच. ते मत माझं. मुलगी साखळीला दिलेली, तिचं नाव तिकडच्या यादीत. म्हणजे या घरातून दोन मतं पडायला हवी होती.

दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. मी आकडे त्याच्यापुढे धरले.

"ह्या एक मत कोणाचा?"

"तुजा."

"आनी तुमचा?"

"त्याका दिलंय."

माझा तोल गेला. ज्यानं तुम्हाला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही त्याला, असं मी एवढ्यानं ओरडले की रस्त्यावरचं माणूस थबकलं. त्यानं मला ओरडू दिलं.

"तेना आपलो शबूद मोडल्यान," मग तो म्हणाला. "माजो मी कसो मोडू? देवळात मीच सांगलंय, जिवात जीव आसा तवसर ह्या माणसाक सोडचव नाय. पक्षाचा नाव घेवक होया होता. ता घेवक नाय. माणसाचा घेतलंय."

मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. वाड्यावरच्या किती जणांनी रस्त्यासाठी शिक्का मारला, किती जणांनी मुलाच्या नोकरीसाठी, आणि किती जणांनी नवऱ्यासारखाच त्या "व्हय म्हाराजा"साठी, हे माझ्या कुठल्याच नकाशात येणार नाही. शब्द मोडणारा शब्द पाळणाऱ्यांच्या मतांवर निवडून आला होता. आणि आमच्या पक्षाला आमच्याच वाड्यावर ज्यानं संपवलं, तो पक्षातला सर्वांत सच्चा माणूस होता.

"मगे देवाकडसून सोडवन घेवा," मी म्हटलं. आमच्याकडे देवाला विचारतात ते मूर्तीला पाकळ्या लावून. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "कौल लावा. आजच जावया."

"लायलंय गे," तो म्हणाला. "मतदानाच्या आदल्या दिसा. डावी पडली."

निवडून आलेला तो माणूस अजून पन्नाशीचाही नाही. अजून कितीतरी निवडणुका लढवील.