उलटी वाहणारी गाढी

आमच्या सुकापूरच्या सोसायटीत लिफ्टशेजारी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा टांगलेला आहे. त्याच्या झाकणाला मी चीर पाडून घेतली आणि वर लिहिलं, 'काहीही विचारा'. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा घरच्यांना वाटलं होतं की आता ही जरा गप्प बसेल. मी कसली गप्प बसतेय. आठवडाभर मुलांनी डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसून मी उत्तरं द्यायची, असा नेमच सुरू केला. मुलं मला टीचरआजी म्हणतात. मला ते फार आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू.

चिठ्ठ्या मोठ्या झकास असतात. पोळी फुगते तेव्हा तिच्या पोटात काय असतं? (वाफ. कणकेतलं पाणी तापलं की बाहेर पडायला वाट शोधतं.) कांदा आईलाच का रडवतो, बाबांना का नाही? (कारण चिरताना त्यातून जो वायू सुटतो तो चिरणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि बाबा कांदा चिरत नाहीत. हे ऐकून दोन बाबा आपापल्या गाड्या पुसायला निघून गेले.) जवळच विमानतळ सुरू झाल्यापासून विमानांचे प्रश्न फार वाढले आहेत. एवढं जड धूड वर राहतं आणि माझा कागदी बाण का पडतो, या एका प्रश्नापायी मी दोन संध्याकाळी पुस्तकं चाळली होती.

सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या असायच्या. वय वर्षं आठ, अंगाने काडी, बोलायला कमी. जांभळ्या स्केचपेनने लिहायची, त्यामुळे डबा उघडला की तिची चिठ्ठी आधी दिसायची. बाकीची मुलं ऐकलेलं विचारायची, ही बघितलेलं विचारायची. नळाच्या तोटीवर पांढरं काय जमतं? समोरून येणाऱ्या मुंगीला मुंगी दरवेळी थांबून काय सांगते? मी वर्गात हजारो मुलं बघितली, पण असं टक लावून बघणारं पोर विरळा.

आणि त्या पोराची मी माती केली.

एका रविवारी जांभळी चिठ्ठी निघाली: 'गाढी नदी कधी कधी उलटी का वाहते?' गाढी म्हणजे आमच्या बाजाराच्या वाटेवरची नदी. मी चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि हसले. मी कृष्णाकाठची. आमच्याकडे नदी एकदा ज्या बाजूला निघाली ती निघाली, मागे वळून बघत नाही. "अगं, नदी डोंगरातून समुद्राकडे जाते," मी म्हटलं, "पाणी कधी चढ चढतं का? तू शाळेच्या व्हॅनमध्ये होतीस, व्हॅन पुढे चालली होती, म्हणून तुला तसं भासलं."

ती उभी राहिली. "पण मी तीन वेळा बघितलं. व्हॅन पुलावर ट्रॅफिकमध्ये उभी होती तेव्हापण."

इथे थांबायचं की नाही? पण माझी जीभ म्हणजे काय सांगावं. "मग गाढीला रिव्हर्स गिअर बसवला असेल कुणीतरी," मी म्हटलं. सगळी पोरं खो खो हसली. ती खाली बसली. पुढचा आठवडाभर जिन्यात पोरं तिला रिव्हर्स गिअर म्हणून हाक मारत होती, हे मला नंतर कळलं.

पुढच्या रविवारी डब्यात जांभळी चिठ्ठी नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. मला वाटलं, परीक्षा असेल. मग लिफ्टमध्ये तिची आई भेटली. ती खारघरला नोकरी करते, सकाळी घाईत असते. ती म्हणाली, "टीचर, हिने हट्टच धरला, माझे डोळे तपासून आण म्हणून. म्हणे मला नीट दिसत नाही, मी नसलेलं बघते. डॉक्टर म्हणाले, डोळे अगदी छान आहेत. तरी हिची खात्री नाही."

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला माझा तो रिव्हर्स गिअर आठवला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "पण तू नदी बघितलीस का?"

दहा वर्षं गाढीच्या त्या पुलावरून मी रिक्षाने बाजारात जाते. पूल आला की खाडीचा वास येतो, म्हणून मी पदर नाकाला लावते आणि मान दुसरीकडे फिरवते. पाणी कुठे चाललंय हे बघणार कोण?

गुरुवारी आमच्या मासेवाल्या मावशी आल्या. उरणकडच्या कोळीणबाई, पाटी घेऊन दारोदार फिरतात. मासे खायला मी त्यांच्याकडूनच शिकले, नाहीतर आमच्याकडे मासा म्हणजे चित्रात. बोंबील निवडता निवडता मी त्यांना सहज विचारावं तसं विचारलं की आमच्या इथली एक पोरगी म्हणते गाढी उलटी वाहते, खरं का हो?

मावशींना हसू आलं. "म्हंजे? भरती आली का खाडीचं पानी वर चढतंच. पोरगी खरं बोलते गो ताई. तुमी शाळंत काय शिकवलंत मंग?"

खरं सांगायचं तर मी शाळेत हेच शिकवलं होतं. चंद्र समुद्राचं पाणी ओढतो, भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं त्याला गणती नाही. पण ती भरती पुस्तकातली. ती माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर येते आणि नदीला मागे ढकलते, हे डोक्यात शिरलंच नव्हतं.

"ती कधी येते ते कसं कळतं तुम्हाला?" मी विचारलं.

"तिथीची पाऊणकी करायची. आज सातम. साती पाऊणे सव्वापाच. सव्वापाचला भरती भरनार. हाय काय त्यात." त्यांनी हे बोटांवरसुद्धा केलं नाही, मासे साफ करता करता सांगितलं.

आता पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मीही लहानपणी घोकली आहे. एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड. ती कशासाठी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशीर करतो. तिथी म्हणजे अमावास्येपासून किंवा पौर्णिमेपासून मोजलेलं चंद्राचं वय. दोन्हींचा गुणाकार केला की भरतीची वेळ. माझं पन्नास मिनिटांचं वाक्य या बाई पाटीत घेऊन फिरत होत्या.

"पोरांना दाखवायचं असंल तर आता नको," मावशी म्हणाल्या. "आता पान्याला जोर नाय. अवस होऊ दे. बिजेला न्या. दीडला भरती, म्हंजे सकाळी सातसाडेसातला ओहोटी सरते. पन पुलाकडं पानी फिरायला येळ लागतो, नऊच्या पुढंच धरा."

मी कालनिर्णय करून टाकला, म्हणजे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल गोल केला. अमावास्येनंतरची बीज नेमकी रविवारी येत होती. मग तिसऱ्या मजल्यावर गेले. ती आईच्या मागे उभी राहिली. मी म्हटलं, रविवारी सगळ्यांनी पुलावर जायचंय, तुझं म्हणणं तपासायचंय.

"मी नाही येणार," ती म्हणाली. "नाही वाहिली उलटी तर सगळे हसतील."

"या वेळी हसं व्हायची पाळी माझ्यावर आहे. तू फक्त घड्याळ सांभाळायला ये."

तिने हो म्हटलं नाही. पण रविवारी रिक्षांत बसताना बघितलं, तर सर्वांत शेवटी येऊन आईचं मोठं घड्याळ मनगटावर धरून ती बसली होती.

पुलाच्या फुटपाथवर आम्ही नऊ पोरं, दोन बाबा आणि मी असे ओळीने उभे. नारळाची सुकी किशी, म्हणजे काथ्याचा झुबका, एका मुलाने खाली टाकली. ती सरळ खाडीकडे निघाली, नदीने जावं तशी. नऊ वाजून दहा मिनिटं. दुसरी किशी टाकली, तीही खाडीकडेच. एक पोरगा पुटपुटला, "रिव्हर्स गिअर." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बाबांच्या मागे गेला. नऊ वीस. नऊ पंचवीस. मुलगी घड्याळाकडे बघत होती, नदीकडे नाही. तिने नदीकडे बघणंच सोडलं होतं. माझा जीव टांगणीला लागला. मावशी चुकल्या असतील, मी तिथी चुकले असेन, काहीही असेल, पण आज पाणी फिरलं नाही तर ही मुलगी पुन्हा कशाकडेच बघणार नाही, एवढं मला कळत होतं.

"तू टाक," मी शेवटची किशी तिच्या हातात दिली.

तिने टाकली. किशी हलेना. एकाच जागी डुलत राहिली. मग स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि हळूच, अगदी हळूच, डोंगराच्या दिशेने निघाली. पुलाखाली शिरली. सगळी पोरं धावत दुसऱ्या कठड्याकडे गेली, बाबा ओरडत त्यांना आवरायला धावले, आणि किशी पलीकडून बाहेर आली.

"नऊ एकतीस," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण नजर पाण्यावर होती.

मग मी सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं. म्हटलं, हिने नीट बघितलं होतं. मी न बघता उत्तर दिलं आणि वर हिला हसले. चूक माझी, आणि हिची मी माफी मागते. तीस वर्षं मुलांना उभं करून चुका कबूल करायला लावल्या, स्वतः कधी केली नव्हती. सोपं नसतं ते. माझे कान तापले. ती मुलगी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. परतताना ती माझी रिक्षा सोडून दुसरीत बसली. मला वाटलं, हिने ते मनातून काढलेलं दिसत नाही.

पुढच्या रविवारपर्यंत धीर धरायला हवा होता, पण बुधवारीच मी डबा उघडला. वरच जांभळी चिठ्ठी होती.

'मोठी माणसं सॉरी म्हणतात तेव्हा त्यांचे कान लाल का होतात?'

उत्तर मला पाठ होतं. तरी आधी आरशासमोर गेले, नवऱ्याला बाहेरच्या खोलीतून बोलावलं, त्याच्याकडे एका जुन्या भांडणाची मनापासून माफी मागितली, आणि कान बघितले.