पाच फुलपाखरे सोडून एक

बेंबळीच्या पलीकडील एका गावाच्या गायरानात खाजकोलतीने भरलेला एक खडकाळ उतार आहे. तो आजही कोणी नांगरलेला नाही. तो कसा वाचला याविषयी तीन हकीकती सांगितल्या जातात आणि तिन्ही चुकीच्या आहेत. सांगणाऱ्यांपैकी दोघे तेव्हा जन्मलेले नव्हते. तिसरे माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते, आणि तरीही त्यांच्या कानी काही पडलेले दिसत नाही.

मी उस्मानाबादेत प्राणिशास्त्र शिकवीत असे. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ वनस्पतिशास्त्र शिकवीत. वयाने आणि वेतनश्रेणीने ते मला वडील होते, आणि या दोन्ही गोष्टी ते विसरू देत नसत. रविवारी आम्ही एसटीने त्या गावी जात असू. ते झाडे पाहत, मी फुलपाखरे. माझे जाळे मच्छरदाणीच्या कापडाचे होते. तुळजापुरात खणनारळाच्या दुकानाशेजारी बसणाऱ्या शिंप्याने ते शिवून दिले आणि शिवताना विचारले, मासे धरायला जाता काय. मी हो म्हणालो. त्या वर्षी जिल्ह्यात मासा राहील एवढे पाणी फारसे कोठे नव्हते, पण त्याने टाके आणखी बारीक घातले.

गायरानाचे दोन तुकडे होते. ओढ्याकाठच्या तुकड्यात नेपती आणि वाघाटी यांची काटेरी जाळी होती आणि पिलूचे एक जुने झाड. या झुडपांवर वाढणारी फुलपाखरे देखणी असतात: पांढरे पंख, आणि टोकाला कोणाच्या कुंकू, कोणाच्या हळद. पिलूवरचे तेवढे निराळे, भिजवलेल्या मसुरीच्या डाळीच्या रंगाचे. दुसरा तुकडा म्हणजे तो उतार. खाजकोलती ही बारीक वेल आहे. तिच्या पानांवर केस असतात, आणि पान पोटरीला घासले की बराच वेळ माणसाला दुसरा विषय सुचत नाही. तिच्यावर एकच फुलपाखरू वाढत होते. केशरी, काळ्या पट्ट्यांचे, जमिनीलगत उडणारे. त्यालाही देखणे म्हणता येईल, पण त्यासाठी वाकावे लागे.

माझ्या या वनस्पतिशास्त्रवाल्या सहकाऱ्यांनी ओढ्याकाठच्या जाती मोजल्या, त्या आठ भरल्या. मी मोजल्या, पाच भरल्या. पावसाळ्यात गडद किनारीची दिसणारी आणि कोरड्या दिवसांत फिकी दिसणारी फुलपाखरे त्यांनी वेगवेगळी धरली होती. मी म्हणालो, ऋतूप्रमाणे रूप पालटते, जात तीच राहते. ते म्हणाले, "सिद्ध करा." एका मादीची अंडी मी पाल्यासकट घरी आणली आणि लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्यांत वाटून ठेवली. एक बरणी कोरडी राखली. दुसरीभोवती ओले फडके गुंडाळले आणि ते वाळू दिले नाही.

"टँकरपुढं भांडून घागर आणायची मी," माझी पत्नी म्हणाली, "आन पाहुणचार अळ्यांचा व्हय?"

"त्यांना गारवा लागतो."

"मला लागत न्हाय?"

या प्रश्नाचा प्रयोगाशी संबंध नसल्याने मी उत्तर दिले नाही. मी महाविद्यालयात असताना फडके ओले कोण ठेवत होते, हेही मी तिला विचारले नाही. कोरड्या बरणीतून फिकी फुलपाखरे निघाली, ओल्या बरणीतून गडद किनारीची. आई एकच. उरलेल्या दोन जोड्यांचेही पुढे तसेच ठरले. सहकाऱ्यांनी दोन्ही बरण्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाले, "काचेत फरक असेल." निवृत्तीच्या सत्कारापर्यंत ते आठच सांगत राहिले.

माझ्यापुढचा प्रश्न मात्र संख्येचा नव्हता. ओढ्याकाठची पाचही फुलपाखरे एका घराण्यातली. एकमेकांची सख्खी-चुलत भावंडे म्हणावीत अशी. उतारावरच्या फुलपाखराला आपल्या देशात भाऊ नाही, चुलता नाही. त्याचे नातलग आफ्रिकेत. उतारावरचे ते एक गेले असते तर नुसती एक जात गेली असे झाले नसते, आपल्याकडे त्या अख्ख्या घराण्याच्या दाराला कुलूप लागले असते.

एकोणीसशे ऐंशीनंतर पाऊस पुन्हा ओढ देऊ लागला, आणि गावच्या दूधसंस्थेने जनावरांच्या चाऱ्यासाठी गायरान मागून घेतले. उतार पेटवून तेथे गवत पेरायचे आणि ओढ्याकाठी जाळी तोडून कडवळ करायचे, असा बेत होता. दूध मोजण्याच्या खोलीत सभा भरली. कॅनवर माणसे बसली, आम्हा दोघांना खुर्च्या दिल्या. संस्थेचे चेअरमन गावातले मोठे शेतकरी होते. रविवारी आम्हाला चहा तेच पाजत, त्यामुळे त्यांच्याशी भांडणे जड होते.

"सर, दोन्ही तुकडे पायजेत," ते म्हणाले. "जनावरं उपाशी हायती. फुलपाखरं काय, कुठंबी बसतील."

"बसतील कोठेही. अंडी ठरलेल्याच पाल्यावर घालतात."

"मग आमच्या कडवळावर घालू द्या की. आमी कुठं न्हाय म्हणतोय?"

चेअरमनच्या दावणीला जर्सी संकराच्या पाच गाई होत्या, पाचही एकाच वळूच्या, आणि एक म्हातारा देवणी वळू होता. मी त्याचा आधार घेतला. म्हणालो, चारा थोडाच उरला, आणि एकीकडे या पाच बहिणी, दुसरीकडे तालुक्यातला शेवटचा देवणी, तर तुम्ही चारा कोणाला घालाल?

"जर्सीला," चेअरमन विचार न करता म्हणाले. "दूध कोण देतंय, सर?"

"आन देवणी काय देतंय?" मागून कोणी ओरडले.

"शिंगं!" दुसऱ्याने सांगितले.

सभा हसली. माझे सहकारीही हसले. माझा दाखला फसला, हे मी येथे स्पष्ट लिहीत आहे, कारण एका वर्तमानपत्रात नेमके याच्या उलट छापून आले आहे. ती पहिली हकीकत. त्यात म्हटले आहे की मी बलुत्याचा दाखला दिला. गावात कुंभाराचे घर एकच असते, ते उठले तर गावाला मडके कोण देणार, असे मी विचारले आणि सभेचे डोळे उघडले. मी असे बोललेलो नाही. छप्पन सालानंतर माझ्या वडिलांनी येसकराची काठी खाली ठेवली आणि गावकीचे काम पुन्हा केले नाही. आम्हाला कोणत्या रकान्यात बसवायचे हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवले होते. वर्गीकरण म्हणजे काय, हे मी प्रथम पुस्तकात वाचलेले नाही. त्या वडिलांचा मुलगा भरसभेत उठून घराघराला नेमून दिलेल्या कामाची थोरवी गाईल, असे ज्या तरुण बातमीदाराला वाटले, त्याने मला एकदा विचारायला हवे होते. शहराचे नाव बदलले आहे, माझा पत्ता बदललेला नाही.

दुसरी हकीकत गावच्या शाळेत सांगतात. मी म्हणे खाजकोलतीची वेल उघड्या मुठीत धरून शपथ घेतली. वेल सभेत नव्हती. असती तर मी ती हातात घेतली नसती.

घडले ते असे. हसणे थांबल्यावर चेअरमननी विचारले, "सर, एक सांगा. वढ्यावरच्या पाचातलं एखादं गेलं, तर कुणाला कळंल?"

"मला."

"आन उतारावरचं गेलं तर?"

"मलाच."

"मंजी दोन्हीकडं तुम्हीच." त्यांनी तंबाखूची डबी उघडली. "मग तुम्हीच बोला. संस्था एक तुकडा सोडंल. कंचा, ते आत्ता सांगा. आन एकदा बोललात की दुसऱ्यासाठी माझ्या दारात यायचं न्हाय."

सहकाऱ्यांनी माझी बाही ओढली. आम्ही येताना ओढा मागायचे ठरवून आलो होतो. म्हणजे त्यांनी ठरवले होते आणि मी एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहत होतो.

"उतार," मी म्हणालो.

"तिकडं पाच हायती ना?"

"पाच आहेत."

"आन हितं एकच?"

"एकच."

"आन तुम्ही मास्तर?"

"प्राध्यापक."

सभा पुन्हा हसली, पण चेअरमन हसले नाहीत. उतारावर पडेल त्या पावसावर गवत आले असते. ओढ्याकाठी विहीर पाडल्याखेरीज काहीच होणार नव्हते. ओढा सोडणे त्यांना सोयीचे होते आणि ते मी मागितलेच नाही. तरी त्यांनी दिलेला शब्द पाळला. त्यांच्याविषयी हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

परतीच्या एसटीत सहकारी माझ्याशेजारी बसले नाहीत. बेंबळीला गाडी थांबली तेव्हा पुढच्या बाकावरून मान वळवून म्हणाले, "आठाच्या बदल्यात एक. तुम्हाला बेरीज येत नाही."

"येते. पाच. पण बेरीज करायला गेलो नव्हतो."

तिसरी हकीकत त्यांचीच आहे. ती ते फार मोकळेपणाने सांगत असत: उतार कोणी वाचवला नाही, खाजेने वाचवला. मजूर वेलीला हात लावायला तयार होईनात, म्हणून तो तसाच राहिला. ऐकणाऱ्यांना ही हकीकत आवडते, कारण तिच्यात कोणाला काही ठरवावे लागत नाही. पण उतार खुरप्याने साफ करायचा नव्हताच, पेटवायचा होता. आगीला खाज सुटत नाही. आगपेटी चेअरमनच्या खिशात होती आणि ती खिशातच राहिली, एवढीच खरी गोष्ट आहे.

ओढ्याकाठची जाळी उन्हाळ्यात तुटली. मी गेलो होतो. कोणी बोलावले नव्हते. माणसे कुऱ्हाडीने नेपती तोडत होती, बाया काटे ओढून कुंपणासाठी रचत होत्या. पिलूचे झाड शेवटी ठेवले होते. चेअरमन त्याच्या सावलीत उभे होते. मला पाहून थोडे सरकले आणि जागा करून दिली.

"ह्याच्यावरचं कंचं, सर?"

"डाळीच्या रंगाचे."

"मग ते आता कुठं जाईल?"

"शिवारात दुसरे पिलू आहे?"

त्यांनी डोळे बारीक करून सगळे शिवार मनात फिरून घेतले. त्यांना प्रत्येक बांधावरचे झाड ठाऊक होते. "न्हाय," ते म्हणाले.

"मग कोठेही जाणार नाही."

त्यांनी झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. "पाणाड्यानं विहीर हितंच दावलीय," मग म्हणाले. "झाड बारा महिने हिरवं हाय, मंजी खाली पाणी हाय, म्हणतोय. न्हायतर एवढं एक ठेवलं असतं. तुम्ही मागितलं न्हाय, तरी ठेवलं असतं."

"माहीत आहे."

झाड पडले. विहिरीला पाणी लागले. पाणाड्याच्या बाजूने एवढे मान्य करायला हवे. कडवळ झाले, जनावरे जगली, आणि त्या गाईंच्या दुधाचा चहा मी पुढेही पीत आलो.

अलीकडे काही भले लोक माझे सांत्वन करतात. निर्णय सभेचा होता, काळच तसा होता, पर्याय नव्हता, असे म्हणतात. पर्याय होता. चेअरमननी तो मला स्वच्छ मराठीत विचारला होता. मी उतार म्हणालो, आणि आज विचारले तरी उतारच म्हणेन.

दर वर्षी पाऊस सरल्यावर मी त्या गावी जातो. उतारावर फार वेळ लागत नाही. वाकले की ते दिसते. ओढ्याकाठची चार बांधाबांधावरच्या वाघाटीवर आणि नेपतीवर सापडतात, फिकी किंवा गडद, त्या वर्षीच्या पावसाप्रमाणे. मग परतीच्या एसटीपर्यंत मी विहिरीपाशी बसून पाचव्याची वाट पाहतो. ते अद्याप आलेले नाही. ते येणार नाही, हे मला त्या सभेत उतार म्हणतानाच ठाऊक होते.