वरच्या बाईंचं जामाचं झाड

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं एक शिक्षिका भाड्यानं राहत होत्या. मूळच्या सावंतवाडीकडच्या. बदली होऊन आमच्याच शाळेत आल्या, म्हणून मीच त्यांना खोल्या दिल्या. एकट्याच असायच्या, मुलगी गावी आजीजवळ शिकत होती. मी त्यांना बाई म्हणायची, त्या मला ताई.

पहिल्याच मे महिन्याच्या सुट्टीवरून परत येताना त्यांनी दुधाच्या पिशवीत एक रोप आणलं. एवढा मोठा बसचा प्रवास, मांडीवर धरून.

"ताई, जाम आहे. आमच्या परसातला. फाटकाजवळ लावू?"

"लावा की. पण जगंल का? हितं माणसांना पाणी पाच दिवसांनी येतंय."

"मी घालीन ना."

मी विज्ञान शिकवत होते. घंटेसारख्या पांढऱ्या फळांचं हे झाड पेरू-जांभळाच्याच कुळातलं, पण त्याचं मूळ गाव म्हणजे बारमाही ओल असलेलं, दमट जंगल, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडं उन्हाळ्यात अंगणातली फरशीसुद्धा अनवाणी पायाला सोसत नाही. एका वर्षात वाळणार, असं मी मनात म्हटलं.

वाळलं नाही. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी त्या साठवून ठेवायच्या आणि दिवसाआड दोन बादल्या जिन्यावरून खाली आणायच्या. बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरायच्या. एप्रिल लागला की दोन बांबू रोवून जुन्या साडीचा आडोसा करायच्या. झाड माझ्या डोक्यावरून गेलं. मीही त्याची पानं वर्गात न्यायला लागले. पान चुरगळून मुलांना वास घ्यायला लावायचा, उजेडाकडं धरून त्यातले बारीक ठिपके दाखवायचे. मधल्या सुट्टीत हे सांगितलं की बाईंचा चेहरा असा खुलायचा, जणू त्यांच्या मुलीचाच नंबर आलाय.

चौथ्या वर्षी मोहर आला. पांढरे तंतू गळून फाटकापाशी सडा पडला. फळं मात्र तीनच धरली. त्यातलं एक त्यांनी मला आणून दिलं. मी चावा घेतला आणि म्हणाले, "नुसतं पाण्यासारखं लागतंय की हो."

"पाणीच ते, ताई," म्हणून त्या हसल्या.

त्याच्या पुढच्या वर्षी पुण्यात राहणाऱ्या आमच्या मुलानं स्वतःची जुनी गाडी आम्हाला द्यायचं ठरवलं. गाडी आत घ्यायची तर जागा एकच, फाटकाजवळची. माझे यजमान म्हणाले, "बाईंना सरळ सांग. झाड काढावं लागंल." मी सांगते म्हणाले आणि सांगितलं नाही. सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

मे महिन्यात बाई गावी निघाल्या. जिन्याशी बॅग ठेवून म्हणाल्या, "दिवसाआड दोन बादल्या, ताई. एवढंच."

"जावा की निवांत. मी हाय न्हवं."

पहिला आठवडा मी नेमानं पाणी घातलं. मग पाइप फुटला आणि नळ आठ दिवस आला नाही. हौदाचा तळ दिसायला लागला, त्यामुळं झाडाचं पाणी बंद केलं. त्या वेळी खरंच पाणी नव्हतं. नंतर नळ आला, हौद काठोकाठ भरला. मी घरातली पिंपं भरली, अंगण धुतलं, तुळशीला घातलं. जामाजवळून रिकामी बादली घेऊन आत आले. विसरले नव्हते. आपण काय करतोय ते मला त्या क्षणी नीट कळत होतं.

पानं आधी लोंबली, मग कडांनी करपली. यजमान म्हणाले, "झाड वाळायलंय बघ."

"बघते," म्हणाले मी.

जूनमध्ये बाई आल्या तेव्हा फांद्या काटक्या झाल्या होत्या. त्यांनी बुंध्याला हात लावला आणि त्यांना रडू फुटलं.

"यंदा ऊन लई होतं बाई," मी म्हणाले. "नळ पण आठ-आठ दिवस न्हाई."

त्यांनी माझाच हात धरला. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, ताई. माझंच चुकलं. पावसातलं झाड मी कशाला इथं आणलं?" मग स्वतःहूनच म्हणाल्या, "काढून टाका. मला रोज बघवणार नाही."

पुढच्या आठवड्यात, त्या शाळेत असताना, मी वळसंगकडच्या एका गड्याला बोलावलं. मी त्या दिवशी रजा टाकली होती. त्यानं दोन हात खणलं आणि थांबला. बुंध्याची साल नखानं खरवडून मला म्हणाला, "ताई, आतनं हिरवं हाय की. मुळ्या बी वल्ल्या हायत्या. वरनं छाटा, पाणी घाला. फुटंल ह्ये."

मी वाकून पाहिलं. खरंच हिरवं होतं.

"काढा," मी म्हणाले.

"बघा बरं. जित्तं हाय."

"काढा म्हणलं न्हवं."

दुपारपर्यंत खड्डा बुजवून झाला. पंधरा दिवसांनी तिथं गाडी उभी राहिली. बाईंनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, पेढा खाल्ला. त्यांच्या मनात शंकेचा लवलेशही नव्हता, आणि तेच मला जड जात होतं.

वर्षभरानं त्यांची बदली त्यांच्या जिल्ह्यात झाली. तरी दर रविवारी फोन यायचा. मी निवृत्त झाले, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, सगळं फोनवर बोलायचो. अशाच एका रविवारी त्या म्हणाल्या, "परसातला जाम यंदा लगडलाय ताई. तुमची आठवण येते. माझ्या झाडासाठी तुम्ही केवढं केलंत."

मला ते ऐकवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. भरलेला हौद, गाडी, गड्याचं बोलणं, हिरवी साल, सगळं.

पलीकडं कुणीतरी नळाखाली भांडी घासत असल्याचा आवाज तेवढा येत होता.

"मी फाटकापाशी रडले तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या होतात," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"गाडीला जागा हवी, एवढं सांगितलं असतंत तर मीच काढलं असतं ना. कुंडीत तरी घेतलं असतं." जरा थांबून म्हणाल्या, "आता कशाला सांगितलंत?"

त्यांनी फोन ठेवला.

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. मीच फोन केला तेव्हा त्यांनी उचलला, तब्येत विचारली आणि शाळेची कामं आहेत म्हणाल्या. मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, पोस्टानं, आम्हा दोघांच्या नावे. आम्ही गेलो नाही.

यजमान म्हणतात, "सांगितलीस कशाला? बरं चाललं होतं की तुमचं." खरं बोलल्यावर मन हलकं होतं असं मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. माझं झालं नाही. उलट, आपल्या झाडाची कुणीतरी काळजी घेतली होती, हे त्यांच्याजवळ होतं, तेही मी काढून घेतलं.