रेवाचा ट्रक आणि मी

आमच्या घराण्यातला पहिला ट्रक माझ्या नातीने अठराव्या वर्षी घेतला, आणि पहिल्याच दिवशी तो मी मेंढ्यांत घातला.

आयर्लंडमधल्या ॲथलोनला लेकाकडे तीन महिन्यांसाठी आले होते. कोविडने दीड वर्ष बसवलं. तेवढ्यात रेवाने शनिवार-रविवार दुकानात राबून हा जुना लाल ट्रक मिळवला. (इथे त्याला पिकअप म्हणतात. मागे उघडा हौदा असला की आमच्या लेखी ट्रकच!) इंजिनचं तेलसुद्धा पोरीने स्वतः बदललं, कोपरापर्यंत काळी होऊन! मी बघतच राहिले.

मिलिंद, म्हणजे माझा लेक, मात्र ठाम. "रविवारपर्यंत एक जरी ओरखडा पडला, तर ट्रक परत!"

"बाबा, दॅट्स नॉट फेअर!"

"आधी पूजा," मी म्हटलं.

घरासमोरच्या उतारावर ट्रक उभा. चारी चाकांखाली लिंबं. रेवा आरतीचं ताट घेऊन बाहेर, मी आत चढून लिंबू-मिरची बांधायला जागा शोधतेय. स्टिअरिंगजवळ छत्रीच्या मुठीसारखं काहीतरी बाहेर आलेलं दिसलं. म्हटलं, वा, खुंटी! दोरा बांधायला जरा पिरगाळली, तर ती सर्रकन आतच गेली.

तो हँडब्रेक होता.

फट्, फट्! लिंबं फुटली (पूजा यथासांग!) आणि ट्रक निघाला.

"आजी! ब्रेक! मधलं पेडल!"

"अगं, पाय पोचत नाहीत!"

समोर शेजारच्या पॅट्रिकभाऊंच्या कुरणाचं फाटक उघडं. आत शिरलो. मेंढ्यांनी पटापट वाट दिली. इतकी शिस्त मी पुण्यात माणसांत पाहिली नाही! मी डोळे मिटून "मोरया, मोरया!" आणि समोर दगडी भिंत. तेवढ्यात रेवा धावत आली, पायरीवर उडी मारली, खिडकीतून हात घालून ती मूठ खेचली. माझं नाक स्टिअरिंगवर, भिंत हातभर अंतरावर! काय पोरगी आहे!

पॅट्रिकभाऊ आले, वाकून बघितलं, म्हणाले, "आह, शी'ज ग्रँड!" (म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे'; ट्रकला की मला, अजून कळलेलं नाही.)

मागून मिलिंद लॅपटॉपची मीटिंग सोडून धावत आला. रेवा रडवेली. "बाबा, इट वॉज माय फॉल्ट."

"काही नाही हं!" मी म्हटलं. "खुंटी मी पिरगाळली."

मिलिंदने चष्मा लावून ट्रकला पूर्ण प्रदक्षिणा घातली. आम्ही दोघी मागोमाग.

"ओरखडा आहे," तो म्हणाला.

"कुठे?"

"तुझ्या नाकावर, आई."

"रूल ट्रकचा होता, बाबा!" रेवा ओरडली, आणि ट्रक राहिला.

आता त्यावर शिकाऊ चालकाची 'एल' पाटी रेवाच्या नावाने लागलीय. पण रस्त्यात शेजारी बाजूला होतात ते मला बघून, आणि मी तर पायी असते!