मांडीवरची गिटार आणि दुकानातले शहाणे

दुरुस्तीला टाकलेली वाद्यं लोक न्यायला विसरतात, आणि ती दुकानात साचत जातात. वर्ध्याला वामनकाकांच्या दुकानात हार्मोनियम-तबल्यांच्या ढिगात किस्सेही असेच साचलेत. न्यायला कोणी येत नाही, म्हणून त्यातले काही मी उचललेत. सगळे एकाच खरेदीचे.

इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून मी घरी मोबाईलवर हवाईयन संगीत ऐकत पडलो होतो. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात लोखंडी कांडी. ती तारांवरून सरकते आणि सूर थरथरतो. ही थरथर येते कुठून, तेच कळेना.

हिंगणीचे दादाजी पूर्वी भीमगीतांच्या पार्टीत हेच वाजवायचे. शिकवायला तयार झाले, अट एकच. "आपली गिटार आणजो. माह्या गिटारले हात लावाचा नाई."

वयानं त्यांचा हात कापायला लागला होता. म्हणजे जे करायचं ते लवकर.

*

दुकानात रोज येऊन बसणारे घोडमारे सर म्हणजे शाळेतले निवृत्त संगीत शिक्षक. सगळी नोकरी स्वागतगीतावर काढली. त्यांना विचारलं, स्वस्तातली लॅप स्टील, म्हणजे ही मांडीवरची गिटार, घेताना काय पाहायचं?

"लाकूड पाह्य."

लाकडात काय पाहायचं?

"लाकूड."

वामनकाकांनी मान डोलावली. 'मला माहीत नाही' हे वाक्य या दुकानात आजवर कोणी उच्चारलेलं नाही!

*

बाबांचं सिंदी मेघेत हार्डवेअरचं दुकान आहे. ते म्हणाले, "मांडीवर लेकरू घेतेत. गिटार कोण घेते?" मग नोकरीचा विषय निघाला. इंजिनिअरिंग करून गल्लीतली किती पोरं घरी बसलीत, ते मी नावांसकट सांगितलं. त्यानंतर जेवायला हाकसुद्धा आईमार्फत येऊ लागली.

*

शेवटी ऑनलाइन सगळ्यात स्वस्त होती ती मागवली. घरी आली असती तर बाबांनी परत पाठवली असती, म्हणून पत्ता वामनकाकांचा दिला. आणि नेमका मी मामाकडे समुद्रपूरला गेलो.

परत आलो तर काका खुशीत. "तारा बोटभर वर होत्या बे. दाबल्याच जाईना. खराब माल पाठवला त्याईनं. म्या टोकाच्या टेकूले कानस मारून बसवल्या खाली."

मी म्हटलं, काका, या गिटारच्या तारा दाबायच्याच नसतात. वरून कांडी फिरते, म्हणून त्या उंच असतात.

घोडमारे सर हरायला तयार नव्हते. "मंग खाली पट्ट्या काऊन देल्या?"

सूर कुठं आहे ते नजरेला दिसावं म्हणून.

"सूर पाहाचा असते काय?"

काकांनी गुपचूप एका जुन्या हार्मोनियमची पितळी पट्टी काढली, तारांखाली टेकू म्हणून बसवली आणि तारा परत उंच केल्या. चुकलं म्हणाले नाहीत. मजुरी मात्र घेतली नाही.

*

मग दसरा आला. दुकानात वाद्यांची पूजा असते. माझीही गिटार पाटावर. काकांनी हळद-कुंकू वाहिलं, वरून पाणी शिंपडलं, आणि ते सगळं गेलं तारांखालच्या पिकअपमध्ये, म्हणजे जिथून आवाज स्पीकरला जातो तिथं. आवाज बंद.

सर हात जोडून म्हणाले, "पूजा पावली."

टूथब्रशनं घासघासून आवाज परत आला. कुंकू अजून निघतंय.

*

सोबत आलेली कांडी खडूइतकी हलकी होती. समोरच्या गॅरेजवाल्यानं जुन्या मोटरसायकलच्या पिस्टनची पिन दिली. जड, गुळगुळीत, मस्त सरकते. पण थरथर काही येईना. मी मनगट हलवून पाहिलं, कोपर हलवलं, अख्खा खांदा हलवला. निघाला तो मांजराचा आवाज.

सरांनी निकाल दिला. "ते महागाच्या गिटारमंधी असते. तुह्या डब्यात नाई याची. अन् त्या दादाजीचा हात गेला आता. कशाले जातं तिकडं?"

*

तरी गेलो. 'जय भीम' झालं, चहा आला. दादाजींनी कप उचलला तसा अर्धा चहा बशीत आणि थोडा सदऱ्यावर. घोडमारे सर आयुष्यात पहिल्यांदा बरोबर निघतात की काय, या विचारानं माझं डोकं फिरलं.

दादाजींनी सदरा पुसला. माझी गिटार मांडीवर घेतली, पितळी पट्टीवरून बोट फिरवलं, हसले. पिस्टनची पिन तारांवर टेकवली आणि एकच सूर लांब ओढला.

तीच थरथर. माझ्या डब्यातून.

मी जवळ सरकलो. "दादाजी, हात असा कसा हालवाचा?"

त्यांनी पिन उचलली नाही. सूर अजून चालूच होता.

"मी कुठी हालवून राह्यलो, बाबू?"