हमीदभाईंसाठी धंदा

“सोडा वॉटर काढू,” मी म्हणालो.

पडद्यामागचं जातं थांबलं. एक खोकला आला. जातं पुन्हा सुरू झालं. म्हणजे हीही कल्पना बाद.

ही बैठक आखाडा बाळापुरात हमीदभाईंच्या ओसरीवर रोज सकाळी भरायची. आम्ही दोघं हिंगोलीच्या एका जिनमध्ये कामाला होतो. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. हमीदभाई तिथले इंजिन ड्रायव्हर, मी फिटर. पाना कसा धरायचा इथपासून सगळं मला त्यांनीच शिकवलं. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या थोडं आधी शेटनी जिन बंद केली आणि आम्ही रिकामे झालो. मी तरुण होतो, कुठेही खपलो असतो. हमीदभाईंचं वय झालेलं. पावसाळ्याच्या आत धंदा जमला नाही तर घर बंद करून औरंगाबादला लेक-जावयाकडे कायमचं जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मला ते जायला नको होते. वडील गेल्यावर माझ्यावर हक्कानं ओरडणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

भाभी माझ्यासमोर येत नसत, पण कान ओसरीवर असायचे. त्यांचा खोकला हाच आमचा शेवटचा निकाल.

“सायकली भाड्यानं देऊ,” हमीदभाई म्हणाले.

“पावसाळ्यात? आपल्या काळ्या चिखलात सायकलच माणसाच्या खांद्यावर बसते.”

“बरं, मग चहाचं हॉटेल.”

“चहा कोण करणार?”

“मी.”

खोकला नाही, यावेळी पडद्यामागून चक्क हसू आलं. हमीदभाई रागावले. त्यांच्या हातचा चहा मी जिनमध्ये बरीच वर्षं प्यायलो होतो, म्हणून मी गप्प बसलो.

असे किती दिवस गेले कोण जाणे. कंदील दुरुस्ती झाली, साबण झाला, पत्र्याचे डबे झाले. एका सकाळी जात्याची घरघर इतकी वाढली की मला काही ऐकूच येईना. हमीदभाई पडद्याकडे वळून ओरडले, “अरे, वो जाता बंद करो! आमी इथं विचार करून राहिलो!”

“करती बंद,” आतून आवाज आला. “फिर दोपहर को खयालच खाव.”

जातं थांबलं. आता शांत होईल असं वाटलं, पण घरघर चालूच. शेजारच्या घरातलं जातं ऐकू येत होतं. त्याच्या पलीकडचंही. मी उठून गल्लीत गेलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक दारातून तोच आवाज. परत येऊन मी म्हणालो, “हमीदभाई, गिरणी टाकू. पिठाची. नांदेडात मी पाहिलीय.”

आम्ही दोघंही पडद्याकडे बघत बसलो. खोकला आला नाही.

जिनमध्ये एक लहान ऑइल इंजिन धूळ खात पडलं होतं. आम्ही शेटकडे गेलो.

“काय करता त्याचं?” शेटनी विचारलं.

“दळण दळतो.”

“बायका घरी फुकट दळतात की!”

“फुकट न्हाई शेट,” हमीदभाई म्हणाले. “माझ्या घरातलीचे खांदे गेले पार.”

शेटनी इंजिनाच्या खोलीची किल्ली काढून दिली. मग म्हणाले, “न्या.”

गिरणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी ज्वारीच्या टोपल्यांची रांग लागली. आम्ही जिनची माणसं. जेवढा वेग तेवढं काम, एवढंच आम्हाला ठाऊक. इंजिन दणकून सोडलं. पीठ भराभर पडलं आणि आम्ही एकमेकांची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी त्याच बाया तणतणत परत आल्या. “मिस्तरी, पीठ हाय का राख? भाकर थापाया गेलं की तुटून राहिली!”

हमीदभाई तसेच घरी गेले. दुपारी मी ओसरीवर पोचलो तर कपड्यांची ट्रंक बाहेर आणून ठेवलेली. “जाऊ दे सखाराम,” म्हणाले. “ह्या वयात आता नवं काम न्हाई होत.”

मी गिरणीत परतलो, मूठभर ज्वारी टाकली आणि पडणाऱ्या पिठाखाली हात धरला. हात भाजला. तेव्हा उलगडा झाला. दगड फार जोरात फिरला की तापतो, पीठ जळतं आणि त्याचा चिकटपणा जातो. त्याला पिठाची विरी जाणं म्हणतात. उपाय साधा होता. पट्टा ज्या चाकावर फिरतो ती पुली. दगडाची पुली मोठी केली की दगड सावकाश फिरतो. कळमनुरीच्या सुताराकडून लाकडाची मोठी पुली करून आणली, दगडाला नव्यानं टाकी लावली, म्हणजे छिन्नीनं त्याच्या खाचा धारदार केल्या. मग अगदी संथ दळून कोमट पीठ भाभींकडे नेऊन दिलं.

हमीदभाई ट्रंकेवर बसले होते. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी आयुष्यात इतका जीव मुठीत धरून कुठल्या इंजिनासमोरही उभा राहिलो नव्हतो.

पडद्याखालून थाळी बाहेर सरकली. भाकरी अख्खी होती, पापुद्रा टम्म फुगलेला. मागोमाग भाभींचा आवाज आला. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदाच थेट बोलत होत्या.

“भय्या, उनकू उठाव. और वो ट्रंक अंदर रखवा देव.”

हमीदभाई शेवटपर्यंत बाळापुरातच राहिले. त्यांच्या घरातलं जातं पुढे फक्त हळद दळायला लागायचं.

आता पोरं माझ्याकडे येतात, विचारतात, काका, कोणता धंदा काढू? मी त्यांना उलटं एकच विचारतो: तुझ्या घरात सगळ्यात जास्त कोण दमतं? बहुतेकांना ते सांगता येत नाही. त्यांना मी घरी पाठवतो.